सहा दिवसांचा खोटा अंधार

परवा सकाळी, दोन्ही डोळे सताड उघडे असताना, लख्ख उजेडात, मी कुरडयांवर पाय दिला.

एका कुरडईवर नव्हे. धाब्यावर माझंच एक जुनं धोतर अंथरून त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पहाटेपासून ओल्या कुरडयांच्या तीन रांगा घातल्या होत्या. त्यातली मधली रांग मी, निंबाला यंदा मोहोर किती आलाय ते बघत बघत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेलो. तळपायाला थंडगार, बुळबुळीत काहीतरी लागलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शेजाऱ्यांचा माठ फुटून पाणी इकडे आलेलं दिसतंय. मी शेजाऱ्यांवर मनातल्या मनात रागावूनही घेतलं. मग मागे वळून पाहिलं. धोतरावर माझी पावलं उमटली होती. टाच, चवडा, अंगठा, सगळं स्पष्ट.

ही जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हातात चिकाचं पातेलं. काही बोलली नाही. नुसतं पावलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली निघून गेली. ही बोलली म्हणजे प्रकरण मिटलं. बोलली नाही म्हणजे ते कुठंतरी वाळत घातलंय, असं मी धरून चालतो.

पाय धुता धुता मला हसू आलं. कारण हाच मी, आठ वर्षांपूर्वी, अशाच एका चैत्र-वैशाखात, एका आंधळ्या माणसाला रस्त्यानं चालायला शिकवत होतो.

सोलापूरचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला मी काय सांगावं? सकाळी आठला भिंती तापायला लागतात आणि रात्री जेवणं झाल्यावरसुद्धा त्यांना पाठ लावून बसवत नाही. दुपारी रस्त्यावरचा उजेड पांढरा होतो, चुन्याची फक्की उडाल्यासारखा. त्या उजेडात सगळं दिसतं आणि त्यामुळे काहीच धड दिसत नाही. माणसं डोळे बारीक करून एकमेकांकडे बघतात. डोळे बारीक केलेला माणूस संशयी दिसतो. मला तर वाटतं आमच्या गावात संशय हे उन्हाळी पीक आहे. त्या वर्षी ते माझ्या अंगणात अमाप आलं होतं.

मी शाळेत ड्रिल मास्तर. हाफ पॅन्ट नावाची वस्तू आमच्या गल्लीत प्रथम मी आणली, एवढीच माझी कीर्ती. सुट्टी लागली त्या आठवड्यात दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. हे डोळ्यांचे डॉक्टर. शिकायला जर्मनीपर्यंत जाऊन आलेले. तिकडे त्यांनी एक शाळा पाहिली होती. लढाईत डोळे गेलेल्या शिपायांना तिथे कुत्रे चालवत नेत. म्हणजे शिपाई कुत्र्याला नाही, कुत्रा शिपायाला. आणि या दोघांना एकमेकांबरोबर चालायला शिकवणारा एक मास्तर असे. त्या मास्तरालाही आधी शिकावं लागे. डॉक्टरांनी ते सगळं एका वहीत मराठीत उतरवून आणलं होतं.

"कुत्री तयार आहे," डॉक्टर म्हणाले. "हिवाळाभर मी अंगणात तिला शिकवली. माणूस तयार आहे. मधला मास्तर पाहिजे."

"मीच का?"

"तुम्हाला लेफ्ट-राइट येतं, आणि तुम्हाला सुट्टी आहे."

माझ्या अंगच्या गुणांची इतकी थोडक्यात यादी आजवर कुणी केलेली नाही.

कुत्री म्हणजे एक अल्सेशियन. रेल्वेतला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना तिला मागे ठेवून गेला होता. नाव क्वीनी. उभे कान, लांब तोंड, आणि नजर अशी की आपण काहीतरी चोरलंय आणि हिला ते माहीत आहे. तिचा साज टांग्याचं सामान शिवणाऱ्याकडून करून घेतला होता: छातीवरून चामड्याचा पट्टा आणि पाठीवर धरायला वेताची ताठ मूठ. ती तसा साज घालून निघाली की रस्त्यातला एकजण तरी विचारी, "मास्तर, टांगा कुठं ठेवला?"

आणि माणूस म्हणजे हवालदार. मूळचा सांगोल्याकडचा. बसऱ्याच्या बाजूला लढाईत शेजारी गोळा फुटला आणि दोन्ही डोळे गेले. पुढं फौजेच्या इस्पितळात तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला होता, आणि बोटं अशी की त्याची विणलेली खुर्ची बघून बसायला संकोच वाटावा. राहायला इथेच, गिरणीत कामाला असलेल्या थोरल्या भावाच्या खोलीत. दवाखान्यात, कचेरीत, क्लबात बसकणी फाटलेल्या खुर्च्या ढिगानं. डॉक्टरांनी त्याला काम देऊ केलं होतं, दवाखान्याच्या पडवीत बसून करायचं. अट एकच: रोज एकट्यानं यायचं आणि एकट्यानं जायचं. भाऊ पाळीवर, भावजय घरी मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी. रोज हात धरून आणायला कुणी नव्हतं. वैशाख संपायच्या आत जमलं तर काम त्याचं. नाही जमलं तर कुत्री कुर्डुवाडीच्या एका रेल्वेसाहेबानं मागून ठेवली होती, आणि हवालदाराला भाऊ गावी पोचवणार होता. "गोठ्याच्या शेजारी बाज टाकून ठेवलीया म्हनं," हवालदार म्हणाला होता. "म्हशी येत्याल-जात्याल, आमी हितंच."

मी त्याला पहिल्या भेटीत एक शहाणा प्रश्न विचारला. "काठी का नको?"

"काठी लागल्यावर सांगती, मास्तर. म्या काठीनंच गटारीत गेलो, काठीनंच गाईच्या शिंगावर गेलो. ही बाई लागायच्या आदी सांगती म्हनत्यात. बगूया की."

तो कुत्रीला बाई म्हणे. क्वीनी म्हणजे राणी, असं मी त्याला समजावल्यावर म्हणाला, "मग तर बाईच." माझ्या बायकोला तो वैनी म्हणे. ही मला आत येऊन विचारी, "कुत्री ती बाई, आणि मी वैनी होय?"

डॉक्टरांच्या वहीतला पहिला नियम असा होता: शिक्षकाने प्रथम सहा दिवस डोळ्यांस पट्टी बांधून, कुत्र्याच्या साहाय्याने, ठरलेल्या वाटेने चालावे. अंधार पूर्ण असावा. समोर एक रकाना: 'अंधार', आणि त्यात रोज 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' लिहून सही करायची.

पट्टी म्हणजे हिच्या जुन्या लुगड्याचा पदर, चौपदरी घडी घालून. ती रोज सकाळी ओट्यावर मला बसवून बांधायची, आणि बांधताना कुरकुरायची. "सरळ बघणारी माणसं मुद्दाम आंधळी व्हायला निघालीत." मग मी कुत्रीला घेऊन (ती त्या दिवसांत आमच्याच अंगणात मुक्कामाला होती) हवालदाराच्या गल्लीच्या तोंडाशी जायचो. तिथे निंबाच्या पारावर तो बसे, कान देऊन. मी पट्टी सारखी करायचो, साजाची मूठ धरायचो, म्हणायचो, "फॉरवर्ड," आणि निघायचो.

वाट साधी होती. निंबापासून निघून तेलुगू विणकरांची गल्ली; दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, खळीचा आंबूस वास, ओल्या रंगाचा वास. गल्ली संपली की विहीर, तिथे उजवीकडे, मग टांग्यांचा अड्डा, मग दवाखाना.

आता कबूल करून टाकतो. त्या सहाही दिवसांत मला दिसत होतं.

सगळं नव्हे. पण नाकाच्या दोन्ही बाजूंनी, पट्टीखालून, चंद्रकोरीएवढी एक फट राहायची. त्यातून माझी बोटं दिसत, कुत्रीची पाठ दिसे, दोन हातांवरचा रस्ता दिसे. मला वाटे, ही माझी करामत. बांधताना मी भुवया वर ताणायचो, गाल फुगवायचो, आणि गाठ बसली की चेहरा सैल सोडायचो. आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलांना हीच लबाडी करताना मी स्वतः पकडलेलं आहे आणि ओणवं उभं केलेलं आहे. पण रस्त्यावर पडलो तर? शाळेतली मुलं याच गल्लीतून फिरतात. ड्रिल मास्तर तोंडावर पडलेला बघितल्यावर पुढच्या वर्षी 'अटेन्शन' कोण करणार? म्हणून मी फटीतून बघत राहिलो, आणि संध्याकाळी वहीत वळणदार अक्षरात लिहीत राहिलो: पूर्ण. पूर्ण. पूर्ण.

लोकांचा संशय वेगळाच. कुणाला वाटलं मास्तरांना मोतीबिंदू झालाय आणि नोकरी जाईल म्हणून लपवतायत. कुणाला वाटलं नवस आहे. एका पोलिसानं मला विहिरीपाशी अडवलं. चळवळीच्या त्या दिवसांत शहरात चार माणसं एकत्र दिसली तरी पोलिसांना खपत नसे, आणि मी तर तोंड बांधून हिंडत होतो. "पट्टी कशाची?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, शिकतोय. "काय शिकताय?" "चालायला." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला कसं कळलं? फटीतून त्याचे बूट दिसत होते. ते हालतच नव्हते.

मी स्वतः कुणावर संशय घेतला म्हणाल, तर सर्वांत आधी कुत्रीवर. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम भर दुपारी निघालो. रस्ते मोकळे, बघणारं कुणी नाही. ती बाई सरळ चालेचना. भिंतीच्या सावलीला चिकटून चाले, सावली संपली की थांबे, एक एक पंजा उचले. मी म्हटलं, आळशी आहे. साहेबाच्या घरी खाऊन खाऊन सुस्तावलेली. मी मूठ पुढे ढकलली, दटावलं, आणि कसंतरी दवाखान्यापर्यंत नेलं. परत येऊन पारावर बसलो तेव्हा हवालदार माझ्या वहाणांचा आवाज ऐकत होता. त्यानं स्वतःचा अनवाणी पाय उन्हात टेकवला आणि मागे घेतला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या पायात वहाना हायत."

एवढंच. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात ती कुत्री पंजे चाटत बसली होती. आणि जी बाई कुत्र्याची सावली पडली म्हणून घागर उपडी करायची, ती आमची ही, वाटीत खोबरेल घेऊन, नाकाला पदर लावून, त्या पंजांना बोटानं तेल लावत होती. मला बघून म्हणाली, "इकडून यायची गरज नाही. आमचं आम्ही बघतो." त्यानंतर आम्ही सकाळीच निघू लागलो.

सहा दिवस झाले आणि हवालदाराची पाळी आली. आता मूठ त्याच्या हातात, आणि मी मागे. वहीतला दुसरा नियम: शिक्षकाने मागे राहावे, रोज आणखी मागे राहावे, आणि काहीही झाले तरी बोलू नये. ड्रिल मास्तरला हे किती जड जातं ते विचारू नका.

आणि तो चालला की हो! पहिल्या दिवशी विहिरीच्या काठाला घासला, दुसऱ्या दिवशी उजवीकडे वळायचं विसरला. पण चौथ्या-पाचव्या दिवशी तो असा चालला, मान ताठ, छाती पुढे, "फारवड बाई, राइट बाई," की मला आनंद व्हायच्या ऐवजी वेगळंच काहीतरी झालं. इतकं लवकर? मी तर फटीतून बघूनसुद्धा घामाघूम व्हायचो. अड्ड्यावरचे टांगेवाले म्हणत, "हवालदाराला थोडं दिसत असणार हो मास्तर. पेन्शनीसाठी गप बसलाय." मी त्यांना रागावलो, आणि घरी येऊन तेच चघळत बसलो. एकदा तो मला म्हणाला होता, "आज टोपी न्हाय घातली व्हय, मास्तर?" त्याला कसं कळलं? मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आल्यापासून डोकं खाजवताय की." हे उत्तर मला पटलं नाही. खरं उत्तर नेहमीच जरा फसवं वाटतं. दुसराही एक संशय होता: त्याला दिसत नसेल, पण तो चालतोय ते मागांच्या खटखटीवर. उजव्या हाताचे माग, डाव्या हाताचे माग, खटखट संपली की विहीर. मग कुत्री कशाला? आणि मग मी तरी कशाला?

तर मी सापळा लावला.

एका ओळखीच्या गाडीवानाची बैलगाडी मी सकाळीच विणकरांच्या गल्लीत आडवी लावून घेतली, अशी, की जू छातीच्या उंचीवर यावं आणि खालून कुत्रीला सहज निघून जाता यावं. बैल सोडून नेले, जुवाखाली टेकू दिला. दिसत असेल तर हा वाकेल. ऐकून चालत असेल तर आदळेल. आदळण्याच्या आत मी 'हां हां' म्हणून ओरडणार होतोच. इतका काही मी वाईट नाही.

तो आला. कुत्री जुवापासून हातभर अलीकडे थांबली. तिच्यापुढे वाट मोकळी होती, तरी थांबली.

"फारवड," तो म्हणाला. ती हलली नाही. "फारवड, बाई." ती त्याच्या पायांपुढे आडवी झाली. मग त्यानं मोकळा हात पुढे केला, जू चाचपलं, बैलाच्या मानेजवळच्या खुंटीचं, सापतीचं, भोक चाचपलं. नाक वर करून वास घेतला.

"मास्तर," तो वळला नाही, पण माझ्याकडेच बोलला. "बैलाचा वास न्हाय, श्यानाचा वास न्हाय. गाडी काय चालत आली व्हय?"

मी नियम पाळून गप्प राहिलो. आयुष्यात प्रथमच गप्प राहणं इतकं सोपं गेलं.

"माजी परीक्षा घ्या की. घ्यायलाच पायजे. पर सांगून घ्या." मग अगदी हळू: "तुमची म्या घेतली न्हाय."

पारावर येऊन बसल्यावर त्यानं सांगितलं. रागावून नाही, हेच वाईट. "सहा दिस तुमी चाललासा, म्या हितं ऐकत हुतो. तुमी येकदा बी चुकला न्हाई, मास्तर. येकदा बी न्हाई. डोळं झाकलेला मानूस पैल्या दिवशी चुकतोच. त्येचं पाऊल इचारतं, मग पडतं. तुमचं पाऊल कदी इचारलंच न्हाई."

निंबाची फुलं टपटप पडत होती. ती त्याच्या पागोट्यावर पडलेली मला दिसत होती, त्याला ऐकू येत असावीत.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"सांगून? दुसरा मास्तर कुटनं आननार? आनि तुमाला भ्या वाटलं आसंल. मला वाटत न्हाय व्हय?"

मला तेव्हा कळलं की मी त्याच्यावर संशय का घेत होतो. मी बघत होतो म्हणून तोही बघत असणार, असा माझा हिशेब होता. मी ज्या कुत्रीवर एक दिवसही विसंबलो नाही, तिच्यावर दुसरा कुणी विसंबतोय हे मला सहन होत नव्हतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"आता खरं करा. म्या मागं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो. ही पदराची घडी घेऊन आली. "आज परत? सहा दिवस संपले ना?" मी म्हटलं, एक राहिलाय. तिनं पट्टी डोळ्यांवर ठेवली आणि थांबली. "आज मागे कोण आहे?"

"हवालदार."

तिनं गाठ मारली. अशी मारली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी भुवया ताणायला विसरलो होतो, की त्या दिवशी ताणायच्या नव्हत्याच, कोण जाणे. पण फट नव्हती. कुठेच नव्हती.

तो अंधार मला अजून आठवतो. काळा नसतो तो. तांबडा असतो, उन्हाळ्याचा, आणि त्यात आवाज फार मोठे होतात. माग माझ्या कानात ठोकत होते. मी पाऊल टाकण्याआधी माझं पाऊल विचारत होतं, आणि प्रत्येक वेळी मूठ जराशी पुढे जात होती, म्हणजे ये. मी भिंतीला घासलो. कुणाच्या तरी बाजेवर आपटलो आणि त्या बाजेवरच्या बाईनं मला तेलुगूत जे सुनावलं ते न कळूनही पुरतं कळलं. विहिरीपाशी कुत्री थांबली. मी म्हटलं, "राइट." हलली नाही. मी पुन्हा म्हटलं. नाही. मागे हवालदार आहे, मला माहीत होतं. त्याच्या अनवाणी पावलांचा आवाजही थांबला होता. तो काही बोलेना. माझ्या मनात लगेच आलं: हा सूड उगवतोय. यानं पुढे गाडी लावलीय. नाहीतर कुत्रीला फितवलंय. दोघं मिळून माझी चेष्टा करतायत. मी मूठ ढकलणार होतो, तेवढ्यात तोंडावर वारा आला, धुळीचा, घोड्याच्या घामाचा, आणि नाकासमोरून चाक खडखडत गेलं. इतक्या जवळून, की त्याच्या आसाचं वंगण मला हुंगता आलं.

कुत्री हलली. मूठ पुढे गेली, म्हणजे ये.

दवाखान्याशी पट्टी सोडली तेव्हा हवालदार, भावजयीच्या खांद्यावर हात ठेवून, मागून येत होता. "कसं वाटलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पाय थरथरतायत." तो खूश झाला. "आता तुमी मास्तर," म्हणाला.

वैशाख संपता संपता परीक्षेचा दिवस आला. त्या दिवशी मागे कुणी नसायचं. हवालदार निंबापासून एकटा निघणार, आणि आम्ही दोघं, डॉक्टर आणि मी, दवाखान्याच्या पायरीवर वाट बघणार. डॉक्टरांच्या हातात घड्याळ. गिरणीचा भोंगा झाला की त्यानं निघायचं होतं.

भोंगा झाला. आम्ही उभे राहिलो. यायची वेळ झाली, आणि गेली. डॉक्टरांनी घड्याळ मिटलं, उघडलं. टांग्यांच्या अड्ड्याच्या वळणावर कुणी नाही. मग मला जाणवलं की मघापासून काहीतरी चुकतंय, आणि ते डोळ्यांना नव्हे, कानांना चुकतंय. मागांचा आवाज नव्हता. रोज दवाखान्याच्या पायरीपर्यंत येणारी ती खटखट, आज मुळीच नव्हती.

एक टांगेवाला आला. "विनकरांच्या गल्लीत लगीन हाय," तो म्हणाला. "माग बंद. मांडव आडवा घातलाय गल्लीभर. दोऱ्या, मेखा, सगळं. वाटच न्हाय."

ज्या खटखटीवर तो चालतो असं मला वाटत होतं, ती बंद. जी वाट आम्ही महिनाभर गिरवली, ती बंद. आता उरली फक्त बाई. धावत सुटावं असं मला वाटलं. तोंड उघडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, जायचं नाही. गेलात तर परीक्षा संपली." आणि मग, घड्याळाकडे बघत, "तुमचं काय मत? चुकला असेल?"

माझ्या तोंडावर आलं होतं, हो. पण मला ते चाक आठवलं, नाकासमोरून गेलेलं. मी म्हटलं, "थांबला असेल."

आम्ही आणखी थांबलो. ऊन पायरीवर चढलं. आणि मग तो आला, पण अड्ड्याकडून नाही. उलट्या बाजूनं, दवाखान्याच्या मागच्या बोळातून. मान ताठ. पुढे बाई. त्याच्या पागोट्याच्या पिळांत पिवळ्या अक्षता अडकलेल्या, आणि कुत्रीच्या उभ्या दोन कानांच्या मधोमध कुणीतरी कुंकू लावलेलं.

"उशीर," डॉक्टर म्हणाले.

"लगीन लागत हुतं, सायेब," हवालदार म्हणाला. "बाई मांडवाच्या दोरीपाशी थांबली. लोक म्हनले या, बसा. मंगलाष्टकं चालल्याली, मधनं कसं जायाचं? अक्षता टाकल्या, पान घेतलं, मग बाईला म्हनलं, दुसरी वाट काड. तिनं काडली."

तो हसत होता. लढाईवरून आल्यापासून तो कुणी हात धरून नेल्याशिवाय एकाही लग्नाला गेला नव्हता, हे मला नंतर त्याच्या भावजयीनं सांगितलं. आणि आम्ही दोघं शहाणे पायरीवर घड्याळ धरून उभे होतो.

आत गेल्यावर डॉक्टरांनी वही पुढे केली. हा माणूस एकटा चालू शकतो, असं शिक्षकानं लिहून सही करायची. मी लिहिलं. मग पानं मागे उलटली, आणि माझे सहा वळणदार 'पूर्ण' खोडले. वर लिहिलं, 'अपूर्ण'. सहा वेळा. आणि खाली एक ओळ वाढवली: सातवा दिवस, पूर्ण.

डॉक्टरांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग या तुमच्या सहीवर मी विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका," मी म्हटलं. "त्यांच्या पायांवर ठेवा."

हवालदाराला काम मिळालं. डॉक्टरांनी विश्वास ठेवला असं मात्र नाही. पुढचा महिनाभर ते रोज सकाळी टांग्यात बसून गुपचूप त्याच्या मागे जात. हवालदारानं मला सांगितलं, "सायेब येत्यात मागनं. त्येंच्या घोड्याचा येक नाल ढिला हाय. सांगू नगा, बरं वाटतं त्येंना." आज त्या पडवीत तो अजून खुर्च्या विणतो. बाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा साज खुंटीला आहे, मूठ घामानं काळी झालेली. आता दुसरी बाई आहे, आणि तिला शिकवायला दुसरा मास्तर. त्याला शिकवतो हवालदार. पट्टी बांधून पहिल्या दिवशी जो चुकत नाही, त्याला तो परत पाठवतो.

तर, कुरडया. परवा संध्याकाळी मी धाब्यावर गेलो तेव्हा ही वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. माझ्या पावलांच्या आकाराच्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, त्या बहुधा मलाच तळून वाढायला. वातावरण निवळावं म्हणून मी म्हटलं, "आज हवालदारांची आठवण झाली बघ. मी सहा दिवस कसा सगळ्यांना फसवत होतो, तुलासुद्धा. भुवया ताणून, गाल फुगवून..."

आठ वर्षांत ही गोष्ट मी तिला कितीदा सांगितली असेल! ती दरवेळी ऐकून घेते. या वेळी तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली:

"गाल फुगवून गाठ सैल होते होय? सैल मी बांधत होते. रस्त्यात कुठं पडणं झालं तर उचलायला कोण होतं? सातव्या दिवशी आवळून बांधली, कारण त्या दिवशी मागून कुणीतरी नीट लक्ष ठेवणारं येत होतं."